एका घरातले दोन सैनिक

मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमधील अधिकाऱ्यांसाठी १९७७ साली लष्कराचा एक आदेश निघाला. त्यात नेमणूक कोणत्या कारणांनी संपुष्टात येईल याची छोटी यादी होती. वैद्यकीय मंडळाने अपात्र ठरवल्यास, लग्न केल्यास, गैरवर्तन, कराराचा भंग किंवा असमाधानकारक काम आढळल्यास. शारीरिक अपात्रता आणि गैरवर्तन यांच्या मधोमध लग्नाला जागा दिली होती. सेलिना जॉन या याच सेवेतल्या लेफ्टनंट सिकंदराबादच्या लष्करी रुग्णालयात होत्या. १९८८ साली त्यांनी लष्करातल्याच एका अधिकाऱ्याशी लग्न केले आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये त्यांना सेवेतून मोकळे करण्यात आले. कारणे दाखवा नोटीस नाही, म्हणणे मांडायची संधी नाही. पुरुष अधिकाऱ्याने लग्न केले म्हणून त्याची नोकरी जाईल, असा नियम मात्र कुठेही नव्हता. हा आदेश १९९५ मध्ये मागे घेण्यात आला. सेलिना जॉन यांची लढाई पुढेही चालूच राहिली. १४ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्या. संजीव खन्ना आणि न्या. दीपांकर दत्ता यांच्या पीठाने हा नियम उघडउघड मनमानीचा आणि लिंगभेदाचा ठरवला आणि त्यांना ६० लाख रुपये भरपाई देण्याचा हुकूम दिला. एका लग्नाचा हिशेब पुरा व्हायला तब्बल छत्तीस वर्षे लागली.

या निकालाची चर्चा स्त्रियांवरील अन्यायाच्या अंगाने झाली आणि ती योग्यच होती. पण या प्रकरणात आणखी एक गोष्ट दडलेली आहे, तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. ज्या लग्नामुळे ही नोकरी गेली, ते लग्न दोन लष्करी अधिकाऱ्यांचे होते. नवरा-बायको दोघेही गणवेशात असले की सैन्याची व्यवस्था गोंधळते, कारण ती एका न बोललेल्या गृहीतकावर उभी आहे. सैनिकाच्या मागे घर सांभाळणारे कोणीतरी आहे, आणि ते माणूस स्वतः सैनिक नाही, हे ते गृहीतक. बदल्यांची पद्धत, रजेचे नियम, क्वार्टरचे वाटप, युनिटमधल्या कुटुंबांची काळजी हे सारे त्याच्यावर बेतलेले आहे. माझे म्हणणे असे की, अडचण सैनिक जोडप्यात नाही, या गृहीतकात आहे. दोघांनी देशसेवेची शपथ घेतली म्हणून त्यांच्या संसाराचा भार नशिबावर किंवा एखाद्या वरिष्ठाच्या चांगुलपणावर सोडता येणार नाही. त्यासाठी लेखी, सर्वांना ठाऊक असलेले आणि सर्व हुद्द्यांना सारखे लागू होणारे नियम हवेत.

हे गृहीतक रोजच्या व्यवहारात कसे चालते ते पाहू. दोन-तीन वर्षांनी बदली होते. पीस स्टेशनवर कुटुंब सोबत असते, फील्ड पोस्टिंग आली की नेता येत नाही. मग जवानाची बायको मुलांना घेऊन गावी जाते किंवा एखाद्या छावणीत मागे राहिलेल्या कुटुंबांसाठीच्या घरांत राहते. ट्रंका भरणे, शाळेचे दाखले काढणे, नव्या गावात प्रवेशासाठी खेटे घालणे, सासूच्या औषधपाण्याचे पाहणे, बँकेची कामे, लग्नकार्ये, शेतीचे वाटेकरी ही सगळी तिची जबाबदारी. युनिटमध्येही कमांडिंग ऑफिसरच्या पत्नीने जवानांच्या कुटुंबांची विचारपूस करावी, कल्याण केंद्र चालवावे, ही जुनी रीत आहे. आर्मी वाइव्ज वेल्फेअर असोसिएशन ही संस्था १९६६ पासून याच श्रमांवर उभी राहिली. साताऱ्याच्या अपशिंगे मिलिटरीसारख्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या घरटी एक माणूस फौजेत गेले, तेव्हा मागची जमीन, गुरे आणि म्हातारी माणसे बायकांनीच सांभाळली. या श्रमाला पगार नाही, हुद्दा नाही, पेन्शन नाही. तो नसता तर सैनिक निर्धास्तपणे सीमेवर उभा राहू शकला नसता. हा श्रम कोणाच्या हिशेबात कधी आला नाही, कारण तो नेहमीच हाताशी होता. जोडीदारही सैनिक असला की तो हाताशी नसतो, आणि मग त्याची किंमत कळते.

सरकारला ही अडचण माहीत नव्हती असे नाही. पण त्याने ती चुकीच्या ठिकाणी लावली. स्त्री अधिकाऱ्यांना कायमस्वरूपी कमिशन द्यावे की नाही, या बबिता पुनिया खटल्यात केंद्राने सर्वोच्च न्यायालयापुढे जे लेखी म्हणणे मांडले, त्यात गरोदरपण, मातृत्व आणि घरच्या जबाबदाऱ्या यांमुळे स्त्रियांना सेवेतील खडतरपणा पेलणे अधिक कठीण जाते, असा मुद्दा होता. नवरा-बायको दोघेही सैन्यात अधिकारी असतील तर हे विशेषच कठीण, असेही त्यात जोडले होते. दोघांनी सारखीच नोकरी पत्करली, दोघांना सारख्याच बदल्या, मूल दोघांचे. तरी त्यातून निघालेला निष्कर्ष फक्त एकीच्या विरोधात. न्या. धनंजय चंद्रचूड आणि न्या. अजय रस्तोगी यांनी १७ फेब्रुवारी २०२० च्या निकालात हे म्हणणे फेटाळले. घरची जबाबदारी केवळ बाईचीच, या समजुतीवर राज्यघटनेने दिलेली समानता नाकारता येत नाही, असा त्या निकालाचा गाभा होता. न्यायालयाने दार उघडले. मात्र दाराच्या आतली मांडणी बदलणे हे न्यायालयाचे काम नाही. ते संरक्षण मंत्रालयाचे आणि तिन्ही दलांच्या मुख्यालयांचे आहे.

दोन सैनिकांचा संसार होऊ शकतो का, या प्रश्नाचे उत्तर मिळून गेले आहे. माधुरी कानिटकर पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात (एएफएमसी) शिकल्या, पुढे तिथेच अधिष्ठाता झाल्या, आणि २०२० मध्ये लेफ्टनंट जनरल. त्यांचे पती राजीव कानिटकर हेही लेफ्टनंट जनरल म्हणून निवृत्त झाले होते. त्या हुद्द्यावर पोहोचलेले हे देशातले पहिले जोडपे. पुढे माधुरीताई नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या. हवाई दलात साधना सक्सेना नायर आणि के. पी. नायर हे दोघे एअर मार्शल झाले; साधना नायर यांनी २०२४ मध्ये लष्कराच्या वैद्यकीय सेवेचे महासंचालकपद पहिल्या स्त्री म्हणून स्वीकारले. या दोघीही डॉक्टर आहेत, हा योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा नाही. वैद्यकीय शाखेत स्त्रिया फार आधीपासून आहेत आणि बहुतेक मोठ्या छावण्यांत लष्करी रुग्णालय असते, त्यामुळे दुसऱ्या जोडीदाराच्या स्टेशनवर त्यांना जागा मिळण्याची शक्यता अधिक. सिग्नल्समधली कॅप्टन आणि पायदळातला मेजर यांच्याबाबत तसे नाही. त्याची पलटण चढून वर गेली की तिथे तिच्या हुद्द्याची जागा असेलच याची खात्री नाही. म्हणजे जिथे व्यवस्था सोयीची होती तिथे जोडपी टिकली आणि शिखरावर पोहोचली. जिथे नव्हती तिथे काय झाले असेल, ते यावरून ओळखावे.

आता ही गोष्ट डॉक्टरांपुरती राहिलेली नाही. १९९२ पासून लष्कराच्या इतर शाखांत स्त्री अधिकारी येऊ लागल्या. २०२१ मध्ये मिलिटरी पोलिसांत स्त्री जवानांची पहिली तुकडी प्रशिक्षण संपवून बाहेर पडली. तिच्यात ८३ जणी होत्या. २०२२ मध्ये खडकवासल्याच्या एनडीएत मुलींनी पाऊल ठेवले आणि ३० मे २०२५ च्या पासिंग आउट परेडमध्ये त्यांतल्या १७ जणी क्वार्टरडेकवरून बाहेर पडल्या. महाराष्ट्र शासनाने मुलींना एनडीएच्या परीक्षेसाठी तयार करण्याकरता नाशिकला सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था सुरू केली. मुले आणि मुली एकाच मैदानावर धावतात, एकाच मेसमध्ये जेवतात, एकाच कोर्सचे कोर्समेट म्हणवतात, तेव्हा त्यांतले काही जण पुढे एकमेकांशी लग्न करणार हे उघड आहे. ज्याला बदलीचे वेळापत्रक, रात्रीचा फोन आणि रद्द झालेली रजा समजावून सांगावी लागत नाही, असा जोडीदार कोणाला नको असेल? अमेरिकेतला अनुभव तेच सांगतो. तिथे विवाहित स्त्री सैनिकांपैकी निम्म्याच्या आसपास जणींचे पती सैनिक आहेत. विवाहित पुरुष सैनिकांत मात्र हे प्रमाण दहांत एकही भरत नाही. स्त्रिया सैन्यात अल्पसंख्य असल्याचाच हा परिणाम आहे. याचा अर्थ असाही होतो की, सैनिक जोडप्यांविषयीचा प्रत्येक वाईट नियम पुरुषांपेक्षा स्त्रियांना कितीतरी जास्त झळ पोहोचवतो.

जवानांच्या पातळीवर हा प्रश्न अधिक नाजूक आहे, आणि त्याविषयी सर्वांत कमी बोलले जाते. १४ जून २०२२ ला जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेत भरती होणाऱ्याने अविवाहित असावे आणि चार वर्षांच्या सेवेत लग्न करू नये, अशी अट आहे. सतरा-अठराव्या वर्षी भरती होणाऱ्या मुलामुलींना ही अट जाचक वाटू नये, हे मला मान्य आहे; त्या वयात लग्न न झालेलेच बरे. पण चार वर्षांनी काय? प्रत्येक तुकडीतून २५ टक्क्यांपर्यंतच अग्निवीर कायम होतील असे योजना सांगते. दोन अग्निवीरांनी एकमेकांसाठी थांबायचे ठरवले, तर दोघेही कायम होण्याची शक्यता, नुसते गणित म्हणून, सोळात एक. दोघांपैकी एकच कायम होण्याची सोळात सहा आणि दोघेही घरी परतण्याची सोळात नऊ. निवड गुणवत्तेवर होते, त्यामुळे एखाद्या चांगल्या जोडीच्या बाबतीत हे आकडे बदलतील, पण चित्र बदलणार नाही. सेवा निधीचे साधारण पावणेबारा लाख रुपये घेऊन बाहेर पडलेली मुलगी आणि कायम झालेला मुलगा लग्न करतील तेव्हा घर कोणाच्या मागे धावेल, हे सांगायला नको. ज्या मुलीने चार वर्षे त्याच्याइतकीच कवायत केली, ती पुन्हा त्याच जुन्या गृहीतकात, मागे राहणाऱ्या बायकोच्या जागी, जाऊन बसेल.

रजेचे नियम पाहिले की गृहीतक आणखी स्पष्ट दिसते. नोव्हेंबर २०२३ मध्ये संरक्षण मंत्रालयाने एक चांगला निर्णय घेतला. स्त्री अधिकाऱ्यांना मिळणाऱ्या प्रसूती, बालसंगोपन आणि दत्तक रजा स्त्री जवान, नाविक आणि हवाई सैनिकांनाही तेवढ्याच मिळतील, असे ठरले. प्रसूतीसाठी १८० दिवस, आणि मूल अठरा वर्षांचे होईपर्यंत संपूर्ण सेवेत मिळून बालसंगोपनासाठी ३६० दिवस. केंद्राच्या नागरी सेवेतील स्त्रीला हीच बालसंगोपन रजा ७३० दिवस मिळते. सैन्यातल्या बापाला पितृत्व रजा १५ दिवसांची. बालसंगोपन रजा २०१९ पासून पुरुष सैनिकांनाही खुली झाली, पण तो एकटा पालक असेल तरच. ज्याची बायको हयात आहे आणि सोबत आहे, त्या सैनिकाला ती नाही, मग ती बायको त्याच दिवशी लडाखमध्ये ड्यूटीवर का असेना. आता एका घराची कल्पना करू. आई अभियांत्रिकी शाखेत मेजर, बाप तोफखान्यात मेजर, मूल तीन वर्षांचे. मुलाला महिनाभर आजारपण आले तर नियमाने रजा कोणी घ्यायची हे आधीच ठरलेले आहे. कमांडचा काळ चुकणार तिचा, महत्त्वाचा कोर्स हुकणार तिचा, आणि पुढच्या बढतीच्या मंडळापुढे कमी पडलेली कागदपत्रे तिची. नियम वरकरणी तिच्या सोयीसाठी असला तरी परिणाम तिच्याच विरोधात निघतो. नियम दोघांच्या पाठीशी उभा राहिला असता, तर कोणी कधी थांबायचे हे त्या दोघांनी आपसांत ठरवले असते.

हे कसे करता येते याचे नमुने आहेत. अमेरिकन लष्करात सैनिक जोडप्यांसाठी स्वतंत्र कार्यक्रम आहे. दोघांनी नाव नोंदवले की बदली ठरवताना दोघांच्या जागा एकत्र पाहिल्या जातात. एकत्र नेमणुकीची हमी दिली जात नाही, पण विचार करणे बंधनकारक असते. मूल असलेल्या जोडप्याला त्याहून कडक बंधन आहे. दोघांवरही एकाच वेळी मोहिमेवर जायची पाळी आली तर मुलाचे काय, याची कौटुंबिक काळजीची योजना लिहून द्यावी लागते. थोड्या दिवसांसाठी मूल कोण सांभाळेल, दीर्घकाळासाठी कोण, पैसे कोणत्या खात्यातून जातील, मुलाला त्या घरी कोण पोहोचवेल, हे त्यात नमूद करायचे. सांभाळणाऱ्याने ते मान्य असल्याची सही करायची, मुलाच्या वतीने निर्णय घेण्याचे मुखत्यारपत्र जोडायचे. ही योजना कमांडर तपासतो आणि दर वर्षी पुन्हा पाहतो. योजना न देणाऱ्यावर कारवाई होऊ शकते, सेवाही संपू शकते. शिवाय २०२२ च्या अखेरीपासून तिथे बाळाच्या जन्मानंतर आई आणि बाप दोघांनाही १२ आठवड्यांची रजा मिळते. मला या पद्धतीचे मोल वाटते ते तिच्या उदारपणामुळे नाही. ती सैनिक जोडप्याला सवलत मागणारे मानत नाही, जबाबदार मानते. तुम्ही लढायला तयार राहा, त्यासाठी घराची तयारी करा, आणि ती तयारी आम्ही तपासू, असा तिचा सूर आहे.

यावर पहिला आक्षेप येतो तो सैन्य ही काही साधी नोकरी नाही, हा. देशाच्या गरजेपुढे कोणाचा संसार पाहायचा? हा आक्षेप मी हलका मानत नाही. युद्ध आले की जोडपे असो वा एकटा, ज्याला जिथे पाठवतील तिथे गेलेच पाहिजे. पण बहुतेक बदल्या युद्धाच्या दिवसांत होत नाहीत. शांततेच्या काळात, कागदावर, महिनोन्‌महिने आधी ठरतात. तिथे विचार न करण्याला देशाची गरज म्हणता येत नाही. उलट, एक अधिकारी घडवायला अनेक वर्षांचे प्रशिक्षण आणि सरकारी तिजोरीतला मोठा पैसा लागतो. दोघांपैकी एकाने मुलासाठी वेळेआधी गणवेश उतरवला तर तोटा सैन्याचाच आहे. नागरी सेवेत केंद्राने ३० सप्टेंबर २००९ च्या आदेशाने पती-पत्नीला एकाच ठिकाणी नेमण्याचे सविस्तर धोरण घालून दिले. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२२ मध्ये, सीमाशुल्क आणि उत्पादन शुल्क खात्यातल्या बदल्यांच्या एका प्रकरणात, बदली हा हक्क नसला तरी कौटुंबिक जीवनाला राज्याने किंमत द्यायला हवी, असे बजावले. महाराष्ट्रात जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या बदल्यांत 'पती-पत्नी एकत्रीकरण' हा स्वतंत्र संवर्गच आहे. शिक्षकांचा संसार राज्याला दिसतो आणि सैनिकांचा दिसत नाही, हे समर्थनीय नाही.

दुसरा आक्षेप न्यायाचा आहे. सैनिक जोडप्यांना एकाच स्टेशनवर ठेवले, तर वर्षानुवर्षे एकटे राहणाऱ्या जवानावर अन्याय होणार नाही का? त्याचीही बायको गावातल्या शाळेत शिक्षिका असेल, तिला नोकरी सोडून जाता येत नसेल. हा आक्षेप प्रामाणिक आहे, आणि त्याचे उत्तर आक्षेपातच आहे. एकत्र नेमणूक म्हणजे सोयीची नेमणूक नव्हे. जोडप्याला एकत्र तेजपूरला किंवा पूँछजवळच्या ठाण्यावर पाठवता येते. दोघांच्या खडतर नेमणुकांचा हिशेब इतरांइतकाच राहिला पाहिजे, हे नियमातच लिहावे. आणि शिक्षिका बायको असलेल्या जवानाची अडचण सैनिक जोडप्यामुळे निर्माण झालेली नाही. तीही त्याच गृहीतकातून आलेली आहे, कारण आता नोकरी करणारी बायको ही खेड्यापाड्यांतही नवलाई राहिलेली नाही. सैनिक जोडप्यासाठी जे नियम तयार होतील त्यांतले रजेचे, पाळणाघराचे आणि वेळेवर बदली कळवण्याचे नियम त्या जवानालाही उपयोगी पडतील.

तिसरा आक्षेप शिस्तीचा: नवरा-बायको एकाच युनिटमध्ये असतील तर हुकूम कोणाचा चालणार? इथे मला आक्षेप घेणाऱ्यांशी पूर्ण सहमत व्हावेसे वाटते, आणि म्हणूनच नियम लिहावा असे म्हणणे आहे. जोडीदाराने जोडीदाराच्या हाताखाली काम करू नये, एकाने दुसऱ्याचा वार्षिक अहवाल लिहू नये, दोघांना एकाच जहाजावर किंवा एकाच लढाऊ तुकडीत ठेवू नये. स्टेशन एक, युनिट वेगळे. आज हे शहाणपण त्या त्या वरिष्ठाच्या मर्जीवर चालते. ते लेखी झाले तर शिस्त बळकट होईल. कोणी म्हणेल, अशी जोडपी आहेत तरी किती? आज थोडी आहेत, हे खरे. पण एनडीएत मुलींच्या राहण्याची सोय करावी लागली ती पहिली मुलगी दाखल होण्याआधीच. २०२३ मध्ये लष्कराने कर्नल हुद्द्याच्या १०८ जागांसाठी स्त्री अधिकाऱ्यांची निवड प्रक्रिया राबवली आणि त्यांच्यासाठी युनिटचे नेतृत्व खुले झाले. ज्या युनिटची कमांडिंग ऑफिसर (सीओ) बाई आहे, तिथे जवानांच्या कुटुंबांची विचारपूस सीओच्या पत्नीने करायची ही रीत आपोआप संपते. ते काम आता पगारी, प्रशिक्षित कल्याण अधिकाऱ्याकडे द्यावे लागेल. हे स्त्रियांनी लादलेले ओझे नाही; इतकी वर्षे फुकटात करून घेतलेल्या कामाची ती रास्त किंमत आहे.

म्हणून मागणी नेमकी हवी. तिन्ही दलांना समान असे सैनिक जोडप्यांचे धोरण जाहीर व्हावे. नाव नोंदवलेल्या जोडप्याच्या बदल्यांचा विचार एकत्र व्हावा, आणि एकत्र नेमता आले नाही तर त्याचे कारण लेखी मिळावे. लहान मूल असताना आईबापांना एकाच वेळी फील्डला पाठवू नये, ही पाळी दोघांत आळीपाळीने यावी. बालसंगोपन रजा दोघांच्या नावे असावी आणि ती कोणी किती घ्यायची हे त्यांनी ठरवावे. मूल असलेल्या प्रत्येक सैनिक जोडप्याने काळजीची योजना द्यावी आणि कमांडरने ती तपासावी. बढतीच्या मंडळापुढे रजेचा काळ उणेपणा म्हणून मोजला जाऊ नये. यातल्या एकाही गोष्टीला नवे शस्त्र लागत नाही, मोठा निधीही लागत नाही. इच्छा लागते आणि एक परिपत्रक लागते. खडकवासल्याच्या मैदानातून १७ मुली बाहेर पडल्या आहेत. त्यांच्यापैकी कोणी आपल्याच कोर्समेटशी लग्न करील, तेव्हा तिच्या हाती न्यायालयाच्या निकालाची प्रत पडण्याऐवजी मुख्यालयाचे धोरण पडले पाहिजे. तिने आणि त्याने सारखीच शपथ घेतली आहे. त्या शपथेची किंमत दोघांनी सारखी मोजावी, एवढी व्यवस्था करणे ज्या सैन्यासाठी ती शपथ घेतली त्याचे कर्तव्य आहे.